निळा कमी पडतोय

कारखान्यात त्याला सगळे मीटर म्हणत, घरात बायको 'अहो' म्हणे, आणि खरं नाव पगाराच्या कागदावर पडून असे. दुकानांच्या पाट्यांवर उजेडाची अक्षरं असतात ना, ती बनवणारा तो कारखाना. वर पत्र्याचं छप्पर, खाली अ‍ॅक्रिलिकचा भुसा, आणि दिवसभर करवतीची किरकिर. अक्षराचा सांगाडा पत्रेवाला वाकवायचा. त्याच्या पोटात एलईडी बसवून ते पेटतं करायचं काम याचं. आता एलईडीच्या दोन रिळांमधला पांढरा कधी तंतोतंत सारखा नसतो. एक जरा पिवळ्याकडे झुकलेला, दुसरा जरा निळ्याकडे. हातात धरून ते कुणाला कळत नाही, पण पाटी भिंतीवर चढली की अख्ख्या रस्त्याला कळतं. याला ते आधी कळायचं. चार दिवे पेटवायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "हे रीळ नको, यात निळा जास्त आहे." मालकाने एकदा हौसेने उजेड मोजायचं यंत्र आणलं. यंत्राने जे सांगितलं ते याने आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा मालकाने यंत्र कपाटात टाकलं आणि याला मीटर म्हणायला सुरुवात केली.

या नावाचा त्याला ताठा होता, तोही असा तसा नाही. कुणाकडे चहाला गेला तरी आधी छताकडे बघायचा आणि "तुमच्या बैठकीच्या खोलीत दोन वेगळे पांढरे लागलेत" असं सांगून यजमानांचं तोंड उतरवायचा. परत येताना बायको म्हणायची, "अहो, आपल्याला चहाला बोलावलं होतं, तपासणीला नाही." त्यावर तो म्हणायचा, "दिसतं त्याला मी काय करू?" आणि ते खरंच होतं. त्याला दिसायचं. शिक्षण बेताचं, बोलणं फटकळ, मित्र मोजके. पण त्या एका गोष्टीत अख्ख्या कारखान्यात त्याचा शब्द शेवटचा असायचा.

बायको पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होती. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्या भरभरून यायचं, त्यात थेंब टाकून ती रंग बघायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. तिने वेळेआधी नोकरी सोडली, आणि नुसतं बसून राहणं जमेना तेव्हा समुद्र घरात आणला. म्हणजे काचेची मोठी टाकी, तिच्यात मोजून केलेलं खारं पाणी, दगड, आणि त्या दगडांवर चिकटवलेले जिवंत प्रवाळाचे तुकडे. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात, जिथे त्या इमारतीतल्या बाकीच्यांनी चपलांचं कपाट ठेवलंय, तिथे यांच्या घरात हा समुद्र गुरगुरत असायचा. मुलगा शिकून दूर गेलेला, तो फोनवर भेटायचा. मुलगी नव्हतीच, म्हणून जावयाची हौस तिने एका नारिंगी माशावर भागवली होती. काही काम करायचा नाही आणि वाढायला आधी लागायचं, म्हणून त्याचं नाव जावई.

प्रवाळांनाही नावं होती. एक कोबी, एक पंखा, आणि एक झुडूप. झुडूप आणलं तेव्हा नखाएवढं होतं, नोकरी सोडली त्याच वर्षीचं. वाढता वाढता त्याला फांद्या फुटल्या, टोकं जांभळी झाली, आणि ते टाकीच्या वरच्या काठापर्यंत आलं. सकाळी दिवा लागला की त्याच्या अंगभर बारीक तोंडं उघडायची. ती स्टूल ओढून समोर बसायची, गुडघ्यांना तेल चोळायची आणि ते उघडणं बघायची. मीटरला त्यात फारसा रस नव्हता. "तुझं मिठाचं पिंप" म्हणायचा तो त्याला.

मग एक दिवस टाकीवरचा दिवा गेला. जुना, नळ्यांचा होता. दोन नळ्या आधीच गेलेल्या, आता उरलेल्याही गेल्या, आणि तसल्या नळ्या बनवणंच बंद झालेलं. टाकीसाठी मासे नि प्रवाळ ज्याच्याकडून आणत, त्या मासेवाल्याकडे दोघं गेली. त्याने तयार एलईडीचा दिवा काढून दाखवला आणि किंमत सांगितली. ती ऐकून दोघंही दुकानातले मासे लक्ष देऊन बघायला लागली. मग मीटर म्हणाला, "यात आहे काय? पट्टी, दिवे आणि दोन बटणं. मी बनवतो."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. सबंध संसारात या माणसाने घरासाठी एक दिवा बनवला नव्हता. न्हाणीघरातला दिवा गेला तर महिनाभर मेणबत्तीवर काम चालायचं आणि हा बाहेर लोकांची नावं पेटवत फिरायचा. तिला आनंद झाला. तो तिने लपवलाही नाही.

मासेवाला जुन्या ओळखीचा होता. म्हणाला, "बनवा काका, पण एक ऐका. कोरल उजेडावर जगतं. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि कोरलला भरवतं. उजेड कमी पडला तर ते उपाशी मरतं. एकदम जास्त झाला तर ते शेवाळच बाहेर टाकून देतं, पांढरं पडतं आणि मग मरतं. नवा दिवा बारीक करून लावायचा आणि सावकाश वाढवायचा. आणि त्याला लागतो तो निळा, त्याचा अंदाज डोळ्याला येत नाही. माझ्याकडे मोजायचं यंत्र आहे, चार दिवस घेऊन जा."

मीटर हसला. "मला कारखान्यात काय म्हणतात, ते विचारा हिला," असं म्हणून दुकानाबाहेर पडला. बायको यंत्राकडे बघत क्षणभर थांबली आणि मग त्याच्या मागे गेली.

दिवा बांधायचे ते दिवस चांगले गेले, हे दोघांनीही पुढे कबूल केलं. कारखान्यात उरलेली अ‍ॅल्युमिनियमची जाड, पंख्यापंख्यांची पट्टी त्याने मागून आणली. एलईडी तापतात, आणि ती उष्णता ओढून घ्यायला असं काहीतरी पाठीला लागतं. पट्टी घासली, भोकं पाडली, आटे पाडले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून शर्टाच्या बटणाएवढे दिवे मांडले, प्रत्येकाच्या पाठीला पांढरा मलम लावून स्क्रूने आवळले. एक रांग पांढऱ्यांची, एक निळ्यांची, प्रत्येक रांगेला कमीजास्त करायचं वेगळं बटण. तो तारांच्या जोडांना कथलाचा डाग द्यायचा आणि ती तारेचं टोक धरायची. "धर." "धरलंय." "सोड." "सोडलं." "अगं, थंड होऊ दे की आधी." खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून डाग गंजतील म्हणून खालून अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक काच बसवली, तिच्या कडा त्याने स्वतः पॉलिश केल्या. कारखान्यातल्या एकाही पाटीच्या कडांवर त्याने एवढा जीव ओतला नव्हता.

छताच्या हुकांना तारेने दिवा टांगला आणि पेटवला. बोळातली भिंत उजळली. बायकोने डोळ्यांवर हात धरला.

"जरा जास्त नाही वाटत?" ती म्हणाली.

मीटरने मान तिरकी केली. "जास्त? पांढरा बरोबर आहे. निळा कमी पडतोय." आणि त्याने निळ्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पहिल्या काही दिवसांत झुडपाने तोंडं उघडली नाहीत. मग त्याची टोकं फिकी झाली. जांभळा जाऊन मळकट गुलाबी, मग तोही जाऊन ताकासारखा रंग. बायको म्हणाली, "मासेवाला म्हणाला होता की सावकाश..."

"मासेवाल्याने मासे विकावेत," मीटर म्हणाला. "उजेड हा माझा धंदा आहे. हे उपाशी आहेत, तुला दिसत नाही का? निळा पुरत नाही त्यांना." आणि सुट्टीच्या दिवशी बसून त्याने निळ्याची आणखी एक रांग जोडली.

त्यानंतर ती दिव्याबद्दल काही बोलली नाही. आपण म्हणतो ते पटलं, असं त्याने धरलं. बायको गप्प झाली की पटलं, असं धरणारे नवरे जगात कमी नाहीत, तेव्हा एकट्या मीटरला बोल लावण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आता फिसकटून दिसायचे. चष्मा कितीही पुसला तरी काचेवर तेलाचा हात फिरल्यासारखं वाटायचं. डाग देताना नाक पट्टीला लागायचं. वय झालं की एवढं चालायचंच, असं तो मनाशी म्हणायचा. डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारावरून तो रोज जायचा, आणि त्या ठिकाणी आला की पलीकडच्या बाजूने चालायला लागायचा. रंग मला कळतात, तेवढे कळले म्हणजे झालं. हे वाक्य त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते खरं असावं असं त्याला वाटायला लागलं होतं.

झुडूप वरून खाली पांढरं होत गेलं. गंमत म्हणजे कोबीला आणि पंख्याला मात्र रंग परत येत होता. मीटरने ते बघितलं आणि त्याची छाती फुगली. "बघ. नवी रांग लावल्यापासून कोबी सावरला की नाही?"

"हो," बायको म्हणाली.

"झुडूपही सावरेल."

तिने काचेवर तळहात टेकला आणि झुडपाकडे बघत राहिली. आपण बांधलेल्या दिव्याखाली हे मरतंय, एवढं त्यालाही समजत होतं. का मरतंय, ते समजत नव्हतं. त्याला ते झुडूप जगायला हवं होतं. मिठाच्या पिंपातल्या त्या एका गोष्टीसाठी त्याने कुणापुढेही हात जोडले असते, फक्त मासेवाल्यापुढे नाही.

त्याच आठवड्यात कारखान्यात एका सतरंज्या-गालिच्यांच्या दुकानाची पाटी तयार झाली. पाटी बाहेर जाण्याआधी मागच्या अंधाऱ्या खोलीत पेटवून बघतात. पत्रेवाल्याने दार लावलं, बटण दाबलं. मीटरने मान तिरकी केली आणि "पाठवा" म्हणाला. पत्रेवाला हलला नाही. मग बाहेर जाऊन मालकाला घेऊन आला.

मालक पाटीसमोर बराच वेळ थांबला. "मीटर," तो हळू आवाजात म्हणाला, "ही सगळी अक्षरं तुला एका रंगाची दिसतायत?"

"एकाच रिळातली आहेत."

"दोन रिळांतली आहेत. मधली तीन बघ. निळी पडलीत. माझ्यासारख्याला दिसतंय."

मीटर पुढे गेला. मागे आला. चष्मा काढला, पुसला, घातला. त्याला सगळी अक्षरं सारखी दिसत होती, स्वच्छ आणि सारखी. पत्रेवाला पायाने अ‍ॅक्रिलिकचा भुसा गोळा करत होता. अ‍ॅक्रिलिक कापणारा दारात येऊन उभा राहिला होता, तो मागच्या मागे परत गेला. मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. मीटरला भांडता आलं असतं. मालक म्हणाला, "आज घरी जा. विश्रांती घे. आपण बघू," आणि जाता जाता कपाट उघडून त्याने ते जुनं यंत्र काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि त्यात नवी बॅटरी घालायला लागला.

मीटर भर दुपारी घरी आला. दार त्याने स्वतःच्या किल्लीने उघडलं. आत बोळात नेहमीचा लख्ख उजेड नव्हता. दिवा गेला की काय, असं वाटून तो घाईने पुढे आला.

दिवा चालू होता. पण दिवा आणि पाणी यांच्यामध्ये खिडकीला डासांसाठी लावतात तसली काळी जाळी अंथरलेली होती. टाकीच्या मापाने कापलेली, कडा हाताने शिवलेली, पदरावर पदर. शेजारी स्टुलावर मासेवाल्याचं यंत्र होतं आणि त्याची तार पाण्यात सोडलेली होती. समोर बायको बसली होती, हातात मऊ ब्रश घेऊन.

"हे काय आहे?" मीटर म्हणाला.

ती दचकली, पण उठली नाही. "जाळी."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"उजेड जास्त होतो म्हणून."

"कधीपासून घालतेस?"

"तुम्ही दुसरी रांग लावलीत त्याच्या आधीपासून. आधी एकच पदर होता. तुम्ही रांग वाढवलीत, मग मी दोन पदर वाढवले. तुम्ही कामाला गेलात की घालते. यायच्या वेळेला काढते."

मीटर त्या जाळीकडे बघत राहिला. म्हणजे हा वरून उजेड वाढवत होता आणि ही खालून तो झाकत होती. एका घरात, एका टाकीवर, दोघं दोन बाजूंनी ओढत होती, आणि ओढतोय हे त्यातल्या एकालाच माहीत होतं. कोबी सावरला तो नव्या रांगेमुळे नव्हता. "हो" म्हणाली होती ती. सरळ "हो" म्हणाली होती.

"मला वेड्यात काढत होतीस तू," तो म्हणाला. "तोंडाने सांगायचं ना."

"दोनदा सांगितलं."

"तिसऱ्यांदा सांगायचं."

"तिसऱ्यांदा सांगायचं तर डोळ्याचं सांगावं लागलं असतं."

तिने ब्रश खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून त्याच्याकडे वळली.

"एका पायात निळा मोजा आणि एका पायात काळा घालून तुम्ही किती दिवस जाताय, ठाऊक आहे? मी रात्री जोड्या लावून ठेवते, तुम्ही सकाळी पुन्हा सोडवता. अंधार पडल्यावर रस्ता ओलांडताना माझा दंड धरता. तरुणपणी कधी धरला नव्हतात, तेव्हा प्रेम उतू चाललंय असं समजायला मी काही खुळी नाही. मला कळलं होतं. पण तुम्हाला म्हणायचं कसं? तुमचा डोळा गेला, असं मी म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्यात कोणत्या तोंडाने गेला असतात? तुमच्याकडे तेवढंच तर आहे. म्हटलं, गुपचूप दोघांनाही सांभाळू. तुम्हालाही आणि यांनाही." तिने झुडपाकडे बघितलं. "ते वर होतं. दिव्याला सगळ्यात जवळ. संध्याकाळी तुमच्या यायच्या वेळेला जाळी काढायचे, त्यानंतरच्या तेवढ्या वेळात ते भाजायचं. ते नाही सांभाळता आलं."

"तू सांगायला हवं होतंस," मीटर म्हणाला. आवाजात आता राग नव्हता.

"हो. ते चुकलंच माझं. तुम्हाला राखायला गेले आणि ते घालवलं. नखाएवढं आणलं होतं मी ते."

मग ती रडली. फार नाही, आवाजही नाही, पण संसारात मीटरने तिला रडताना इतक्या कमी वेळा बघितलं होतं की त्याला काय करायचं ते सुचेना. तो तिच्याजवळ फरशीवर बसला. पाठ टाकीच्या कपाटाला टेकली. आत पंप गुरगुरत होता.

"मालकाने घरी पाठवलं आज," तो म्हणाला. "तीन अक्षरं वेगळी होती. मला दिसली नाहीत."

तिने पदराने नाक पुसलं. "उद्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. तो "जाऊ" म्हणाला.

डॉक्टर तरुण बाई होती, तिने दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून वाकून बघितलं. मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगले पिकलेले. तिने समजावून सांगितलं, "डोळ्यातलं भिंग पिवळं होत होत तपकिरी झालंय. त्यातून बाकीचे रंग थोडेफार आत जातात, निळा जवळजवळ अडतोच. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. तुम्ही काम काय करता?"

मीटर बायकोकडे बघायला लागला. "दिव्याचं काम करतात," बायकोने सांगितलं, आणि डॉक्टरीण "अरे बापरे" म्हणाली. म्हणजे निळा कमी पडत होता तो खराच, फक्त तो दिव्यात कमी नव्हता. हे समजल्यावर माणसाला हसू यावं की काय व्हावं, ते सांगणं कठीण आहे. मीटरला हसू आलं नाही.

आधी उजवा डोळा करायचं ठरलं. ऑपरेशन झालं, डोळ्यावर झाकण लागलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीने ते काढलं. मीटरने समोरच्या भिंतीकडे बघितलं. काय दिसतंय, असं तिने विचारलं. "भिंत," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुमच्या भिंतीवर दोन वेगळे पांढरे मारलेत." बायकोने कपाळाला हात लावला, पण तिला बरं वाटलं.

घरी आल्यावर तो आधी खिडकीपाशी गेला. चप्पलही काढली नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर झुडूप ठेवलेलं होतं. तो दवाखान्यात असताना बायकोने ते टाकीतून काढलं होतं, धुतलं होतं आणि वाळत ठेवलं होतं. मीटरने ते उचललं. प्रत्येक फांदी शाबूत होती, आणि फांदीवर ती बारीक तोंडं जिथे होती तिथे आता सुईने टोचल्यासारखी भोकं होती. आणि त्याचा रंग पांढरा होता. पिवळ्याकडे झुकलेला नाही, निळ्याकडे झुकलेला नाही, नुसता पांढरा. असला पांढरा त्याने आयुष्यभर रिळारिळांतून शोधला होता आणि एकाही रिळात त्याला तो मिळाला नव्हता. नव्या डोळ्याने बघितलेली ही पहिली धड गोष्ट, आणि ती त्याने मारलेली होती. त्याने डावा डोळा झाकून ते बघितलं, मग उजवा झाकून बघितलं. जुन्या डोळ्याला ते हस्तिदंती दिसलं, जुनं, शांत, कुणाचाच दोष नसलेलं. त्याने पुन्हा नवा डोळा उघडला.

"मी मारलं हे," तो म्हणाला.

बायको पाण्याचा पेला घेऊन आली होती. "दोघांनी," ती म्हणाली, आणि पेला त्याच्या हातात देऊन झुडूप परत घेतलं.

मग तो बोळात आला. जाळी जागेवर होती, आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघून विचारल्यासारखी मान हलवली आणि जाळीचे तिन्ही पदर एकदम उचलले. निळा उजेड उजव्या डोळ्यात घुसला. तो मागे सरला, भिंतीला टेकला, डोळ्यातून घळघळ पाणी यायला लागलं. बोळातली भिंत, स्टूल, बायकोचे हात, सगळं निळंजांभळं झालं होतं. त्या उजेडातही जावई काचेशी येऊन खाणं मागत होता.

"यात बसायचीस तू? रोज संध्याकाळी?"

"तुम्ही आल्यावर बसायचे. तुम्ही मोठ्या कौतुकाने बघत असायचात."

मीटरने जाळी परत अंथरली. चष्मा नव्हता, डोळा चुरचुरत होता, तरी तो खुर्ची घेऊन चढायला लागला. तिने त्याला खुर्चीवर चढू दिलं नाही. दिव्याची तार हुकावरून सैल करून पट्टीच खाली आणली, त्याच्या हाताला येईल एवढी. त्याने आधी निळ्याच्या दुसऱ्या रांगेची जोडणी सोडवून टाकली. मग निळ्याच्या पहिल्या रांगेच्या बटणावर बोटं ठेवली. सवयीने त्याची मान तिरकी झाली.

ती त्याच्याकडे बघत होती. आता त्याला दिसत होतं. पूर्वीसारखं, कदाचित पूर्वीपेक्षाही चांगलं. आता त्याने डोळ्याने लावलं असतं तरी ते बरोबर लागलं असतं.

त्याने मान सरळ केली. "ते यंत्र घे," तो म्हणाला. "तार कोबीपाशी सोड. आणि मला सांग."

तिने जाळी बाजूला काढली, स्टूल ओढलं, कुरकुरत्या गुडघ्यांनी बसली, तार पाण्यात सोडली. मीटरने दोन्ही डोळे मिटले. जुना मिटला आणि नवाही मिटला, आणि तो बटण सावकाश उलटं फिरवायला लागला.

"अजून," ती म्हणाली.

त्याने फिरवलं.

"अजून."

पापण्यांच्या आतही त्याला उजेड कमी होताना कळत होता, पण त्याने तो मोजला नाही. थोडं आणखी फिरवलं आणि थांबला. तो तिच्या आवाजाची वाट बघत उभा राहिला.

"पुरे," ती म्हणाली, आणि त्याने हात काढला.